स्वाधीन कुणाच्या?

हातातलं काम सोडू नका, भाकरी थापता थापता ऐकलं तरी चालेल. आम्ही बचत गटांचं काम बघतो, गटांची दफ्तरं लिहितो.

आमच्या एका गटात १२ जणी आहेत. पाच ख्रिस्ती, बाकीच्या हिंदू, त्यातल्या दोघी माळकरी. बैठकीत धर्माचा विषय सहसा निघत नाही. हप्ता, थकबाकी आणि कुणाची शेळी व्याली, एवढंच निघतं. पण गेल्या पावसाळ्यात तो निघाला, आणि निघाला तो एका कागदावरून.

गटातल्या एका ख्रिस्ती ताईंचे यजमान दोन वर्षांपूर्वी वारले. मुलं शाळेत. जमीन दोन भावांच्या नावावर. दिरांनी एक कागद आणून दिला आणि म्हणाले, "वहिनी, सही करा, पुढची कामं सोपी जातील." सही कुठे करायची ते विचारायला म्हणून ताई तो कागद घेऊन आल्या होत्या. आम्ही वाचला. ते हक्कसोडपत्र होतं.

आम्ही म्हटलं, "ताई, यात तुम्ही जमिनीवरचा हक्क सोडताय."

"असू दे," त्या म्हणाल्या. "मी माझं आयुष्य प्रभूच्या स्वाधीन केलंय. माझी अशी इच्छा उरलीच नाही. त्याच्या मनात असेल ते होईल."

सगळ्या गप्प झाल्या. देवाचं नाव आल्यावर पुढे बोलायचं कसं? मग माळकरी आजीच बोलल्या, "अगं, देवाच्या स्वाधीन केलंस ना? मग सही दिराच्या कागदावर का करतीस?"

त्या प्रश्नाने आम्हांला बरेच दिवस झोप लागू दिली नाही. आपल्या बायकांना स्वाधीन होणं काही नवं नाही. आधी बापाच्या, मग नवऱ्याच्या, मग मुलाच्या. त्यात देवाचं समर्पण आलं की तेही त्याच माळेत ओवलं जातं. ख्रिस्ती घरांत रोज प्रार्थनेत म्हणतात, देवाची इच्छा पूर्ण होवो. पण देवाची इच्छा कोणती आणि दिराची कोणती, हे कुणी वेगळं करून सांगत नाही.

आम्ही पवित्र शास्त्र काढून बसलो. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू गेथशेमाने बागेत होता. हा प्याला माझ्यापासून टळावा, असं त्याने बापाला स्पष्ट सांगितलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आपल्याला काय हवं ते बोलून झाल्यावर मग त्याने बापाची इच्छा वर ठेवली. मरीयेचंही तसंच. देवदूत निरोप घेऊन आला, तेव्हा तिने मान खाली घातली नाही. आधी विचारलं, हे होणार कसं? उत्तर मिळालं, मग होकार दिला. आणि तो होकार तिचा तिने दिला. बापाला विचारून येते, योसेफाला विचारून येते, असं काही ती म्हणाली नाही. आम्ही हे इतक्या वेळा ऐकलं होतं, पण हे लक्षात मात्र आलं नव्हतं.

मग आठवल्या पंडिता रमाबाई. बी. ए. ला असताना आम्ही त्यांचं नाव परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. आता नीट वाचलं.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. आईवडील दुष्काळात गेले. पुढे भाऊ गेला. लग्न झालं आणि दोन वर्षांच्या आत, १८८२ मध्ये, नवराही गेला. कडेवर मनोरमा, एक वर्षाचीही नव्हती. संस्कृत एवढं, की कलकत्त्याच्या पंडितांनी पदवी दिलेली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

आता कुणालाही वाटेल, झालं, ही बाई चर्चच्या स्वाधीन झाली. पण तसं झालं नाही. ज्या मठातल्या सिस्टरांनी त्यांना आसरा दिला, त्यांच्याशीच त्यांचे वाद झाले. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, आमच्या संस्कृतात काय कमी आहे, असं त्यांनी विचारलं. रमाबाईंनी तरुण पुरुषांना शिकवू नये, असं हिंदुस्थानातल्या बिशपांचं मत पडलं. त्यावर रमाबाईंचं म्हणणं असं, की माझ्या वडिलांनी हरकत घेतली नाही, नवऱ्याने घेतली नाही, मग यांना काय अडचण आहे? एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता दुसरं मानेवर घेणार नाही, असं त्यांनी कळवलं. आणि हे सगळं त्यांच्याच आश्रयाला राहून, त्यांचंच अन्न खाताना!

पुढचं आम्हांला जास्त महत्त्वाचं वाटतं. बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षांनी रमाबाईंच्या लक्षात आलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालेला नाही. हे त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय. एवढ्या विद्वान बाईने हे कबूल करणं सोपं नव्हतं. आपली विद्या, आपली सत्कृत्यं यांच्या जोरावर देवापुढे उभं राहण्याचा हट्ट त्यांनी सोडला. ते खरं समर्पण.

आणि समर्पण झाल्यावर त्या शांत बसल्या का? उलट कामाला जोर आला. १८८९ मध्ये त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं होतं. त्यांच्या प्रार्थनेला मुली बसतात म्हणून १८९३ मध्ये ओरड झाली, पालकांनी मुली काढून नेल्या, सल्लागार मंडळींनीही हात काढून घेतला. त्यावर आजही दोन मतं आहेत, आमच्या गटातही आहेत. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली आणि बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावच्या माळावर नेलं. तेच मुक्ती सदन. त्याच वर्षी प्लेगच्या दवाखान्यात आपल्या एका मुलीचं काय झालं, याचा जाब त्यांनी वर्तमानपत्रातून सरकारला विचारला. अमेरिकेतल्या लोकांनी दहा वर्षं मदतीचं वचन दिलं होतं, ती मुदत संपली, तरी काम थांबलं नाही. रोजचं धान्य प्रार्थनेवर, पण मुली सूत विणत होत्या, छापखान्यात खिळे जुळवत होत्या. साध्या बाईला कळेल अशा मराठीत सगळं बायबल आणावं, म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली. चाळीस वर्षांची लेक! तरी त्यांनी भाषांतर पुरं केलं, आणि एप्रिल १९२२ मध्ये त्याही गेल्या.

पुढच्या बैठकीत हे सगळं आम्ही वाचून दाखवलं. कागदाचंही सांगितलं. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता वारला, तर १९२५ च्या वारसा कायद्याप्रमाणे त्याच्या मिळकतीतला तिसरा हिस्सा बायकोचा आणि बाकीचा मुलांचा. मुलं असताना भावाला त्यात काही मिळत नाही. आणि हक्कसोडपत्र एकदा नोंदवलं गेलं, की ते फिरवायचं म्हणजे कोर्टाच्या पायऱ्या.

ताई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला दिरांशी भांडायची भीती वाटत होती. ती भीती मी प्रभूच्या नावावर खपवत होते."

हे वाक्य बोलायला त्यांना किती जड गेलं असेल! आम्हांलाही ते लागलं. 'देवाची मर्जी' म्हणून आम्हीही किती ठिकाणी गप्प बसलोय, ते आठवलं.

हक्क ठेवायचा की सोडायचा, हे त्यांनीच ठरवायचं आहे. प्रार्थनेअंती एखादीला द्यावंसं वाटलं, तर तो तिचा अधिकार. फक्त वाचून, समजून, डोळे उघडे ठेवून. ताईंनी दिरांना तेवढंच सांगितलं, "मुलांचंही त्यात आहे. मी देवापुढे बसते, मग सांगते." दीर चिडले. दोन महिने दारात आले नाहीत. गावात बोलणीही झाली, गटाने बाई बिघडवली म्हणून.

आता ते येतात, चहा पितात. ताई रोज रात्री त्यांच्यासाठी, त्यांच्या पोराबाळांसाठी नाव घेऊन प्रार्थना करतात. तो कागद घडी करून त्यांच्या बायबलात ठेवलेला आहे. सही अजून झालेली नाही.