पोलीस शिपायाची नाटकमंडळी

नाटकमंडळी म्हटली की तिच्यामागे कोणी तरी आश्रयदाता असावयाचाच, मग तो राजा असो, धनिक असो वा सरकार असो, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. आश्रय नाही तर मंडळी नाही, आणि आश्रय आहे तर आश्रयदात्याविरुद्ध बोलण्याची सोय नाही! या पेचातून वाट काढणारी एक नाटकमंडळी पश्चिम आफ्रिकेतील नायजेरिया देशात होऊन गेली. ती प्रेक्षकांनी मोजलेल्या पैशांवर जगली, परक्या सत्तेशी झगडली, आणि पुढे स्वकीयांच्या सत्तेचा रोषही तिने पत्करला. तिचे संस्थापक ह्यूबर्ट ओगुंडे हे पेशाने पोलीस शिपाई होते.

ओगुंडे यांचा जन्म १९१६ साली ओसोसा या योरुबा गावी झाला. मिशनच्या शाळेतील शिक्षण आणि चर्चमधील वाद्यवादन यांचा संस्कार त्यांच्यावर एका बाजूने झाला. दुसऱ्या बाजूने पूर्वजांच्या नावाने मुखवटे घालून नाचणाऱ्या 'एगुंगुन' मंडळींचा छंद त्यांना बालपणीच जडला. या मुखवटेधाऱ्यांतूनच योरुबा लोकांत 'अलारिंजो' नावाचे फिरते खेळ करणारे कलावंत पूर्वी निर्माण झाले होते. ख्रिस्ती भजनाची चाल आणि मृदंगासारख्या देशी चर्मवाद्यांचा ठेका हे दोन्ही ओगुंडे यांच्या कानांत एकाच वेळी घुमत राहिले. काही वर्षे शिक्षकी करून १९४१ साली ते पोलिसांत दाखल झाले.

१९४४ च्या जून महिन्यात लागोस शहरातील ग्लोव्हर मेमोरियल हॉलमध्ये त्यांचे पहिले संगीतक झाले. विषय बायबलमधील एडनच्या उद्यानाचा, निमित्त एका चर्चसाठी निधी जमविण्याचे. चर्चसाठी अशी संगीतके तेथे पूर्वीही होत. पण पात्रे एका जागी उभी राहून गात. ओगुंडे यांनी त्यांना हालचाल दिली, नृत्य दिले, अभिनय दिला. लोकांची झुंबड उडाली. १९४५ मध्ये त्यांनी 'आफ्रिकन म्युझिक रिसर्च पार्टी' ही मंडळी स्थापन केली आणि नाटकाच्या पायी सरकारी नोकरी सोडली. नायजेरियातील आधुनिक धंदेवाईक रंगभूमीचा आरंभ येथूनच मानला जातो.

त्याच वर्षी देशात सरकारी कामगारांचा मोठा संप झाला. युद्धामुळे महागाई भडकली होती आणि वेतन मात्र जागच्या जागी होते. ओगुंडे यांनी लगेच 'स्ट्राइक अँड हंगर', म्हणजे संप आणि भूक, हे नाटक रंगभूमीवर आणले. १९४६ मध्ये जोस शहरी पोलिसांनी त्यावर बंदी घातली आणि ओगुंडे यांना दंड झाला. कालचा पोलीस आज पोलिसांसमोर आरोपी म्हणून उभा राहिला! पुढे १९४९ च्या नोव्हेंबरात एनुगूच्या कोळसाखाणीत पोलिसांनी केलेल्या गोळीबारात २१ खाणकामगार ठार झाले. १९५० साली 'ब्रेड अँड बुलेट' या नाटकातून त्या प्रसंगाला वाचा फुटली, आणि उत्तरेत कानो शहरी त्यावरही बंदी आली. इतके होऊनही मंडळीचा दौरा थांबला नाही. एका गावी दार बंद झाले की गाडी पुढच्या गावी जाई.

या मंडळीचा खेळ कसा असे? आरंभी सर्व नटनट्यांचे सामुदायिक गायन-नृत्य, मग मुख्य कथा, आणि शेवटी पुन्हा समूहगीत. प्रारंभी सारा संवाद गाऊनच होत असे. पुढे बोललेल्या योरुबा भाषेला अधिक वाव मिळाला आणि देशी वाद्यांच्या जोडीला सॅक्सोफोनही आला. पण खरी अडचण वाद्यांची नव्हती, स्त्रीपात्रांची होती. १९४६ च्या 'टायगर्स एम्पायर' या नाटकात स्त्रियांना वेतन देऊन, नट म्हणून त्यांची नावे जाहीर करून ओगुंडे यांनी नवा पायंडा पाडला. तथापि घरंदाज कुटुंबे मुलींना रंगभूमीवर पाठविण्यास तयार नसत, आणि तयार झालेल्या मुली लग्न होताच निघून जात. यावर ओगुंडे यांनी काढलेला तोडगा आज चमत्कारिक वाटेल. ते आपल्या नट्यांशीच विवाह करू लागले! बहुपत्नीत्व त्या समाजाला मान्य होते. या पत्नी मंडळीचा कणा ठरल्या आणि कुटुंब व कंपनी एकच झाली. स्त्रीला रंगभूमीवर त्यामुळे प्रतिष्ठा मिळाली, पण ती पतीच्या नावाच्या छत्राखाली मिळाली, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

१९६० साली नायजेरिया स्वतंत्र झाला. मंडळीच्या कसोटीचा खरा काळ त्यानंतरचा आहे. पश्चिम प्रांतात आवोलोवो आणि अकिंटोला या दोन योरुबा पुढाऱ्यांत फूट पडली. आवोलोवो १९६३ मध्ये तुरुंगात गेले आणि अकिंटोला प्रांताचे मुख्यमंत्री राहिले. १९६४ च्या आरंभी ओगुंडे यांनी 'योरुबा रोनू' हे नाटक केले. नावाचा अर्थ, योरुबांनो, विचार करा. एका राजाला त्याचाच सहकारी शत्रूच्या हाती देतो आणि अखेर प्रजा उठाव करते, अशी त्याची कथा. रोख कोणावर आहे, हे सांगण्याची गरज नव्हती. अकिंटोला संतापले आणि त्यांच्या सरकारने मंडळीला पश्चिम प्रांतात खेळ करण्यास मनाई केली. मंडळीचा बहुसंख्य प्रेक्षक त्याच प्रांतात होता. म्हणजे ही बंदी विचारावर होती तशीच पोटावरही होती. पण लागोस हा संघराज्याचा वेगळा प्रदेश असल्याने प्रांतिक हुकूम तेथे चालत नव्हता. ओगुंडे यांनी क्षमा मागितली नाही. त्यांनी 'ओतितो कोरो', म्हणजे सत्य कडू असते, हे नवे नाटक लिहिले. १९६६ च्या जानेवारीत लष्करी उठावात अकिंटोला मारले गेले आणि पुढच्याच महिन्यात नव्या लष्करी राजवटीने बंदी उठविली.

पुढे १९६७ साली माँट्रियल येथील जागतिक प्रदर्शनात या मंडळीची कला जगाने पाहिली. कोला ओगुन्मोला, ड्युरो लाडिपो यांच्यासारख्यांच्या फिरत्या मंडळ्या योरुबा मुलखात डझनावारी उभ्या राहिल्या. १९७९ पासून ओगुंडे चित्रपटांकडे वळले. त्या पडद्याने मोठी गर्दी खेचली, आणि प्रत्यक्ष खेळांचा जमानाही त्यानेच हळूहळू ओसरविला. १९९० च्या एप्रिलमध्ये ओगुंडे यांचे लंडन येथे निधन झाले.

परक्या सत्तेवर टीका करणाऱ्या नाटककाराला स्वातंत्र्यानंतर टाळ्या मिळतात. स्वकीयांवर टीका करताच त्याच्यापुढे दार लागते. ओगुंडे यांनी दोन्ही प्रसंगी एकच नियम पाळला. मंडळीचा धनी एकच, तिकीट काढून समोर बसलेला माणूस. त्याची भूक, त्याचा राग आणि त्याची भाषा रंगभूमीवर आणली की तो मंडळीला उपाशी ठेवीत नाही, हा त्यांच्या चार दशकांच्या संसाराचा ताळेबंद आहे.