सेनापती थोरात आणि ‘लाल किल्ला’

रणांगणावर विजय मिळविणारे सेनानी पुष्कळ होऊन गेले. परंतु येऊ घातलेला पराभव अडीच वर्षे आधी नकाशावर आखून दाखविणारा सेनानी विरळाच. लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात हे अशा विरळांपैकी एक होत.

त्यांचा जन्म १९०६ साली कोल्हापूर संस्थानातील वडगावचा. वडील डॉ. पांडुरंग पाटील हे शेतीशास्त्राचे नामांकित जाणकार. सँडहर्स्टच्या सैनिकी महाविद्यालयात त्या काळी हिंदी तरुणांसाठी वर्षाकाठी जेमतेम दहा जागा असत. तेथील शिक्षण पुरे करून १९२६ मध्ये थोरात अधिकारी झाले. हिंदी अधिकाऱ्याने हुकूम द्यावा आणि गोऱ्याने तो पाळावा, ही कल्पना पुष्कळांस तेव्हा रुचत नसे. तिला उत्तर मिळाले ते १९४५ च्या जानेवारीत, ब्रह्मदेशातील आराकानच्या किनाऱ्यावर, कांगॉ येथे.

तेथे जपान्यांशी लढणाऱ्या एकावन्नाव्या ब्रिगेडमधील तिन्ही पलटणींचे नायक हिंदी होते: थिमय्या, थोरात आणि एल. पी. सेन. थिमय्यांची पलटण हैदराबाद रेजिमेंटची. निजामाच्या ज्या कंटिंजंट फौजेपासून ही रेजिमेंट निघाली, तिच्याच खर्चापायी १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांकडे गेला. तेव्हा पैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे, इचोडा-आदिलाबादपासून यवतमाळपर्यंत, ते नाव कोणास परके वाटू नये. थोरातांच्या पंजाबी पलटणीने मेलरोज नावाची टेकडी घेतली. झुंज संगिनीपर्यंत गेली. तिन्ही नायकांस डी. एस. ओ. हे मानचिन्ह मिळाले.

कोरियातील कामगिरी मात्र अगदी निराळ्या जातीची होती. जुलै १९५३ मध्ये तेथील युद्ध थांबले आणि मायदेशी परतण्यास नकार देणारे बावीस हजारांहून अधिक चिनी व उत्तर कोरियन युद्धकैदी भारतीय सैन्याच्या हवाली झाले. तटस्थ राष्ट्रांच्या मंडळाचे अध्यक्ष थिमय्या, तर कैद्यांच्या रक्षक सेनेचे प्रमुख थोरात. कैदी संघटित, संतप्त आणि दोन्ही बाजूंच्या प्रचाराने पेटलेले. सप्टेंबरच्या अखेरीस चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल यांस कुंपणाच्या आत ओढून नेऊन ओलीस धरले. बाहेर सैन्य सज्ज होते. गोळीबार झाला असता तर ग्रेवाल वाचले नसते, आणि शेकडो कैदीही मेले असते. थोरात स्वतः आत गेले. आलेल्या पाहुण्यास चहा-सिगारेट विचारण्याची रीत तुमच्यात नाही काय, असे त्यांनी कैद्यांस विचारल्याचे सांगतात. चिनी माणसास आतिथ्याचा उणेपणा लागतो, हे त्यांनी हेरले होते. ग्रेवाल सुखरूप बाहेर आले. पुढे ऑक्टोबरात गोळीबाराचे प्रसंग टळले नाहीत, हेही खरे. पण त्या दिवशी एकही गोळी सुटली नाही. या कामगिरीबद्दल थोरातांस अशोकचक्र, वर्ग दुसरा, देण्यात आले. आज त्यालाच कीर्तिचक्र म्हणतात.

१९५७ मध्ये ते पूर्व विभागाचे सेनापती झाले. ईशान्येकडील सरहद्दीची पाहणी करून त्यांनी १९५९ च्या ऑक्टोबरात आपला अहवाल वरिष्ठांकडे धाडला. थोरातांचे म्हणणे असे की, मॅकमहोन रेषेवरील विखुरलेली ठाणी सूचना देण्यापुरती ठेवावीत. खरी लढाई मागे, जेथे आपला रस्ता पोहोचतो आणि शत्रूचा पुरवठा लांबतो, तेथे द्यावी. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांस हा इशारा अवास्तव वाटला. तेव्हा १७ मार्च १९६० रोजी लखनौ येथे थोरातांनी ‘लाल किल्ला’ नावाचा युद्धाभ्यास घेतला आणि चिनी सैन्य कोणत्या वाटेने उतरेल, आपली ठाणी कशी पडतील, हे उपस्थित सेनाधिकाऱ्यांपुढे मांडले.

पुढील वर्षी मे महिन्यात थिमय्या निवृत्त झाले. आपल्यामागे सरसेनापतिपद थोरातांकडे जावे अशी त्यांची शिफारस होती. नेमणूक झाली ती थापर यांची. थापर ज्येष्ठ होते, एवढे त्या निर्णयाच्या बाजूने म्हटले पाहिजे. थोरातही त्याच महिन्यात निवृत्त झाले आणि पूर्व विभागाची सूत्रे आली कांगॉचे तिसरे सोबती सेन यांच्याकडे. २० ऑक्टोबर १९६२ रोजी नामका चू नदीकाठी हल्ला झाला. नोव्हेंबरात से ला आणि बोमदिला पडले.

युद्ध चालू असतानाच पंडित नेहरूंनी थोरातांस दिल्लीस बोलावून घेतले. तो अहवाल आपल्याला का दाखविला गेला नाही, असे पंतप्रधानांनी विचारले. याचे उत्तर मेनन हेच देऊ शकतील, असे आपण सांगितल्याचे थोरातांनी नमूद केले आहे. निवृत्तीनंतर त्यांनी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद सांभाळले. त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले ते १९८६ साली, म्हणजे युद्धानंतर चोवीस वर्षांनी. १९९२ च्या ऑगस्टात थोरात निवर्तले. तोपर्यंत नेहरू, मेनन, थिमय्या आणि सेन यांपैकी कोणीही हयात नव्हते.