घास घालावा, पण कुठे?



1832 सालच्या जून महिन्यात मुंबईच्या कोटात मोठा दंगा झाला. कारण होतं रस्त्यावरची कुत्री. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम होता आणि मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळत असे. त्या आठ आण्यांपायी शिपाई लोकांच्या घरची पाळलेली कुत्रीही मारतात, अशी तक्रार वाढत गेली. पारशी समाजाच्या एका पवित्र दिवशी असंतोषाचा भडका उडाला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिले, कुलाब्याच्या पलटणीची रसदसुद्धा अडवली गेली. शहरात जनावरांचं काय करायचं, हा वाद मुंबईत इतका जुना आहे.

त्यानंतरही कित्येक दशकं कुत्री मारणं चालूच राहिलं आणि कुत्री काही संपली नाहीत. कारण उघड आहे. गल्लीतली कुत्री उचलली तरी गल्लीतला उघडा कचरा तिथेच राहतो. पोटाला मिळतंय म्हटल्यावर शेजारच्या भागातली कुत्री येतात आणि रिकामी जागा पुन्हा भरते. नव्याने आलेल्यांना ना लस टोचलेली असते, ना त्यांची नसबंदी झालेली असते.

म्हणून 2001 मध्ये केंद्र सरकारने प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखाली श्वान जन्म नियंत्रणाचे नियम केले. मार्च 2023 मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. पद्धत साधी आहे. महापालिकेने कुत्रं पकडायचं, त्याची नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, ओळख म्हणून कानाला खाच द्यायची आणि जिथून उचललं त्याच भागात परत सोडायचं. आपल्या गल्लीतल्या कुत्र्याच्या कानाला अशी खाच दिसली, तर त्याची शस्त्रक्रिया झाली आहे असं समजावं. मुंबई महापालिकेने 2014 मध्ये केलेल्या गणनेत भटकी कुत्री सुमारे 95 हजार होती, तर दहा वर्षांनंतरच्या गणनेत ती सुमारे 90 हजार भरली. हा उपाय खरा आहे, पण तो सातत्य मागतो. भागातल्या बहुसंख्य कुत्र्यांची नसबंदी थोड्या काळात झाली नाही, तर उरलेल्या माद्या वर्षभरात सगळी मेहनत भरून काढतात. निधी आटला, दवाखाना बंद पडला, कंत्राट रखडलं, की मागची कमाई वाया जाते. नागरिकांनी पालिकेला जाब विचारायचा तो इथे.

आता घरातल्या जनावरांकडे येऊ. मुंबईत कुत्रा पाळायचा तर महापालिकेचा परवाना लागतो आणि त्यासाठी रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. फिरायला नेलेल्या कुत्र्याने रस्त्यावर घाण केली आणि मालकाने ती उचलली नाही, तर 2006 च्या स्वच्छता उपविधींमध्ये त्याला 500 रुपये दंड ठेवला होता. पाळीव जनावरापासून दुसऱ्याला इजा होऊ नये याची काळजी घेण्यात हयगय केली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

जबाबदारी अशी मालकावर आहे, तशीच सोसायटीवरही आहे. सभेत बहुमताने ठराव केला, नोटीस बोर्डावर कागद लावला, म्हणून कुणाला कुत्रा पाळायला बंदी करता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचनांमध्ये हे स्पष्ट आहे. पाळीव कुत्र्याला लिफ्ट नाकारू नये, कुत्रा भुंकतो म्हणून मालकाला घर सोडायला लावू नये, असंही त्यात म्हटलं आहे. मात्र जिन्यात, आवारात, लिफ्टमध्ये कुत्र्याला पट्टा हवाच. लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना कुत्र्याची भीती वाटणं हा काही त्यांचा दोष नाही.

पोपटाची गोष्ट मात्र निराळी. अंगणात टांगलेला पिंजरा आणि त्यात ‘विठू विठू’ म्हणणारा राघू, हे चित्र आपल्याला इतकं घरचं वाटतं की तो गुन्हा आहे हे पटतच नाही. पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचे देशी पोपट पाळायला मनाई आहे. ताऱ्यांची नक्षी असलेलं कासवही पाळता येत नाही. आफ्रिकन ग्रे पोपटासारखे आंतरराष्ट्रीय संरक्षण असलेले परदेशी पक्षी घरी असतील, तर त्यांची नोंदणी करण्याचे नियम 2024 पासून लागू झाले आहेत. पिंजऱ्यातला पक्षी परस्पर उडवून देऊ नये. जन्मभर कोंडलेला पक्षी बाहेर तग धरत नाही. वन विभागाला कळवावं, हेच बरं.

मोठी जनावरं शहराने हळूहळू बाहेर नेली. मुंबईतले म्हशींचे गोठे हलवण्यासाठी 1949 मध्ये आरे वसाहत उभी राहिली. नागरी भागात गुरं पाळण्यावर नियंत्रण आणणारा कायदा महाराष्ट्राने 1976 मध्ये केला. व्हिक्टोरिया गाड्यांची सैर वर्षभरात थांबवावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने 2015 मध्ये दिला.

आणि कबुतरं? 2025 च्या पावसाळ्यात दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, लोकांनी ती ताडपत्री फाडली, तेव्हा हा वाद उच्च न्यायालयात होता. एकीकडे पिढ्यान्‌पिढ्या दाणे टाकणाऱ्यांची श्रद्धा, दुसरीकडे विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने फुफ्फुसं कायमची निकामी झालेले रुग्ण. बंदी मोडून दाणे टाकणाऱ्यांवर गुन्हे नोंदवावेत, असं न्यायालयाने सांगितलं. भूतदया खरी असली तरी तिची किंमत शेजारच्या इमारतीतल्या दमेकऱ्याने का मोजावी, या प्रश्नाला श्रद्धेपाशी उत्तर नाही.

कुत्र्यांना खाऊ घालण्याबाबत हाच प्रश्न गल्लोगल्ली आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सार्वजनिक जागी भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायला मनाई केली. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने खाऊ घालणाऱ्यांवरच्या कारवाईला स्थगिती दिली. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रस्त्यावर कुठेही खाऊ घालू नये, पालिकांनी प्रत्येक वॉर्डात त्यासाठी जागा ठरवून द्याव्यात. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातली कुत्री हलवण्याचा आदेश आला.

या सगळ्यात 2023 च्या नियमांमधली एक तरतूद फार थोड्यांना ठाऊक आहे. खाऊ घालण्याची जागा ठरवण्याचं काम त्यांनी सोसायट्यांवर आणि रहिवासी संघांवर सोपवलं आहे. ही जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून आणि प्रवेशद्वारापासून दूर हवी. वेळही मुलांचा आणि वृद्धांचा वावर कमी असेल अशी हवी. खाऊ घालणाऱ्याने मागचं उष्टं-खरकटं उचलायचं, आणि कुत्र्यांच्या लसीकरणासाठी, नसबंदीसाठी त्याला मदतही करता येते. किती सोसायट्यांनी हे केलं आहे? बहुतेक ठिकाणी एक आजी गुपचूप पोळ्या टाकतात, सेक्रेटरी ओरडतात, वॉचमन काठी उगारतो, आणि कुत्री मधल्यामध्ये बिथरतात.

अशात कुत्रा चावला, नुसतं नख लागलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि लसीचे सगळे डोस पुरे करावेत. रेबीज झाल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही, पण वेळेवर लस घेतली तर तो टळतो.

तेव्हा सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत पार्किंग आणि पाण्याच्या टाकीबरोबर कुत्र्यांना खाऊ घालण्याचा विषयही पत्रिकेवर घ्या. खाऊ घालणाऱ्यांना आणि तक्रार करणाऱ्यांना एकत्र बसवा, जागा आणि वेळ ठरवा, आवारात किती कुत्र्यांच्या कानाला खाच नाही ते मोजा आणि तो आकडा लेखी अर्जासह वॉर्ड ऑफिसला द्या.