दुसऱ्यांदा विचारू नका



पत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचं नाव ‘बौद्धिक अक्षमता आणि संशोधन’ असं छापलंय. बौद्धिक अक्षमता म्हणजे काय, बुद्ध्यंक कसा काढतात, २०१६चा दिव्यांग हक्क कायदा काय म्हणतो, हे इथल्या निम्म्या मंडळींना चांगलं ठाऊक आहे; पुढच्या दोन रांगांत तर पालकच बसलेले दिसतायत. तेव्हा ते सगळं सोडते. मला एकच गोष्ट सांगायची आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांची मुलाखत घ्याल तेव्हा जे उत्तर मिळेल ते घ्या. तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारू नका.

शाळेतल्या बाईंनी विचारलं, साती आठे? आपण म्हणालो, छप्पन्न. बाई म्हणाल्या, ‘किती?’ की लगेच छप्पन्नचे चौपन्न! (हशा) मोठ्या माणसानं पुन्हा विचारलं म्हणजे आपलं चुकलं, एवढं पहिलीतल्या मुलालाही कळतं. मग ज्याला आयुष्यभर डॉक्टरांनी तपासलं, प्रमाणपत्राच्या रांगेत तपासलं, घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्यानं ‘सांग पाहू, मी कोण?’ म्हणून तपासलं, त्याच्या अंगात हे किती मुरलेलं असेल!

१९८१ साली अमेरिकेत कॅरोल सिगलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध आला. त्यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांना एकमेकांच्या उलट प्रश्न विचारले. अनेकांनी दोन्हींना ‘हो’ म्हटलं. ‘तुम्ही चिनी आहात का?’, ‘इथे उन्हाळ्यात बर्फ पडतो का?’ असलेही प्रश्न होते, त्यांनाही ‘हो’ आलं. निष्कर्ष असा निघाला की शंका आली की हे लोक ‘हो’ म्हणतात. काम प्रामाणिक होतं. हो-नाहीपेक्षा चित्रं दाखवून ‘हे की ते’ विचारावं, हेही याच मंडळींनी सांगितलं होतं. पण तो भाग मागे पडला आणि ‘यांच्या हो-ला अर्थ नाही, आईला विचारा’ एवढंच लोकांच्या डोक्यात राहिलं.

१९९६ साली इंग्लंडच्या मार्क रॅपली आणि चार्ल्स अँटाकी यांनी वेगळं केलं. अशा मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्यातलं एकेक वाक्य, एकेक थांबणं कान देऊन ऐकलं. प्रश्नावली होती जीवनाच्या दर्जाची: चाळीस प्रश्न, प्रत्येकाला तीन ठरलेली उत्तरं. समोरचा माणूस उत्तर देतो, बरोबर देतो, पण त्याच्या शब्दांत. विचारणाऱ्याला मात्र तीन चौकटींपैकी एकीत खूण करायची असते. म्हणून तो पुन्हा विचारतो, जरा फिरवून. समोरच्याला वाटतं चुकलं. तो उत्तर बदलतो. हा बदल कागदावर ‘विसंगती’ म्हणून चढतो. ती विसंगती त्या माणसाच्या डोक्यात नव्हती, ती त्या खोलीत त्या क्षणी तयार झाली. पुढे १९९९ साली अँटाकींनी आणखी एक दाखवलं. विचारणारे मायेपोटी प्रश्न सोपा करत जातात, आणि सोपा करता करता त्यातली अपेक्षाच खाली आणतात. आकडे मग भलतेच सुखी दिसायला लागतात.

मी अशाच लोकांच्या एका कार्यशाळेत दिवाळीच्या आधी बसले होते. एकीकडे पणत्या रंगवणं चालू, दुसरीकडे कागदी पिशव्या. मुलाखती घेणाऱ्या एका विद्यार्थिनीनं तिथल्या दादाला विचारलं, ‘तुला इथे यायला आवडतं का?’ तो म्हणाला, ‘पिशव्या नको.’ ती म्हणाली, ‘म्हणजे इथे आवडत नाही?’ त्यानं पर्यवेक्षक बाईंकडे पाहिलं. ‘आवडतं.’ ‘मग घरी राहायला आवडतं का?’ ‘घरी पण.’ फॉर्मवर शेरा पडला: उत्तरं विसंगत. अहो, ‘पिशव्या नको’ इतकं नेमकं उत्तर नोकरीतल्या समाधानाबद्दल तुमच्यामाझ्यापैकी किती जण देतील? त्या फॉर्मवर पिशव्यांसाठी चौकटच नव्हती. मुलगी चांगली होती, मन लावून काम करत होती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की पहिलं उत्तर आलं की थांबायचं.

थांबायचं म्हणजे काय करायचं, हे मी एका पुस्तकावरून शिकले. जोई डीकन नावाचा माणूस, जन्म १९२०चा. मेंदूच्या पक्षाघातामुळे हातपाय ताब्यात नाहीत, बोलणं इतरांना कळत नाही. लहानपणीच इंग्लंडमधल्या केटरहॅमच्या सेंट लॉरेन्स रुग्णालयात आला आणि मतिमंद म्हणून तिथेच राहिला. त्याचं बोलणं नीट कळायचं ते तिथेच राहणाऱ्या एर्नी रॉबर्ट्सला. या दोघांनी आणखी दोन मित्रांबरोबर जोईचं आत्मचरित्र लिहायला घेतलं. जोई बोलायचा. एर्नी ते वाक्य मोठ्यानं म्हणायचा. मायकेल सँगस्टर ते लिहून घ्यायचा. मग टॉम ब्लॅकबर्न टंकलेखन करायचा, आणि टॉमला लिहितावाचता येत नव्हतं! मायकेल एकेक अक्षर सांगायचा, टॉम ती कळ शोधून दाबायचा. दिवसाकाठी मोजक्या ओळी व्हायच्या. असं वर्षाहून जास्त काळ चाललं आणि १९७४ साली ‘टंग टाइड’ छापून आलं. त्या रुग्णालयात शिकलेले डॉक्टर होते, परिचारिका होत्या, पण ते पुस्तक काढलं या चौघांनी. एर्नीचं काम बघा. तो प्रश्न परत म्हणत नाही, उत्तर परत म्हणतो. जोईचं वाक्य जोईलाच ऐकवतो. चुकलं असेल तर जोईला तिथेच अडवता येतं, आणि बरोबर असेल तर त्याचं काही बिघडत नाही. बीबीसीनं जोईवर चित्रपट केला, १९८१ साली लहान मुलांच्या कार्यक्रमातही त्याला दाखवलं. पुढे तिथल्या शाळांमधली पोरं त्याचं नाव एकमेकांना शिवी म्हणून द्यायला लागली, तेही मला सांगायचं होतं...

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे संमतीवरचा भाग जातो. एवढंच म्हणते की ‘थांबायचं का?’ हा एकच प्रश्न कितीही वेळा विचारा, आणि त्याचं उत्तर शब्दांत देण्याची सक्ती करू नका. हातात एक लाल कार्ड द्या. ते उचललं की मुलाखत संपली.

दुसरी चिठ्ठी पालकांची आहे. ‘आमच्या मुलाला आमच्याइतकं कोण ओळखतं?’ ताई, कुणीच ओळखत नाही. तो काय खातो, कशाला घाबरतो, रात्री का उठतो, हे मी तुम्हालाच विचारीन. पण तो जिथे जातो तिथे त्याला बरं वाटतं का, हे तुमच्याकडून घेतलं तर ते तुमचं उत्तर झालं. तसं लिहून घ्यावं, त्याच्या नावावर नाही. यात पालकांचा अपमान आहे असं मला अजिबात वाटत नाही. पण ज्याचं आयुष्य त्याचंच उत्तर बाजूला राहिलं की काय होतं, ते पाहा. १९९४ साली शिरूरच्या वसतिगृहातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींच्या पुण्यात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. ते प्रकरण या सभागृहातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तेव्हा स्वच्छतेवर वाद झाला, खर्चावर झाला, सोयीवर झाला. २००९ साली चंदीगडच्या अशाच एका संस्थेतल्या तरुणीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिला मूल हवं होतं, तसं तिनं सांगितलं होतं, तरी उच्च न्यायालयानं गर्भपाताचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयानं तिचं म्हणणं मानलं. म्हणून मी इतकी अडून बसते.

शेवटची चिठ्ठी: ‘जो बोलतच नाही, त्याचं काय?’ स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंग विद्यापीठात जोन मर्फी यांनी एक पद्धत काढली. एक चटई घ्यायची. वरच्या कडेला तीन चित्रं: आवडतं, नाही आवडत, माहीत नाही. मग एकेक चित्र हातात द्यायचं: जेवण, बस, खोलीतला सोबती, पिशव्या. तो जिथे ठेवेल तिथे राहू द्यायचं. सगळी मांडून झाली की पूर्ण चटई त्याच्यासमोर ठेवून म्हणायचं, ‘तू असं सांगितलंस.’ काही हलवायचं असेल तर तो हलवेल. मग फोटो काढायचा, आणि त्याची एक प्रत त्याला द्यायची. या पद्धतीला खर्च कार्डपेपर आणि वेल्क्रोचा. एक चटई मी आणली आहे, मागच्या टेबलावर आहे, जाताना हात लावून बघा.