तिकीट बंद, तक्रार उघडी

(बेंगळुरू येथे मराठी भाषक रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज सकाळी आपल्यापैकी बरेच जण उद्यान एक्स्प्रेसने या शहरात उतरले. आपल्या धंद्यात तिकीट म्हणजे प्रवासाची सुरुवात. या बेंगळुरूत मात्र त्या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. संगणकाच्या कंपनीकडे तुम्ही तक्रार केली की तिचे 'तिकीट' निघते, त्याला क्रमांक पडतो, आणि कोणीतरी ते तिकीट 'बंद' केले की काम झाले असे धरतात. प्रवासी मुक्कामाला पोचला की मधल्याच स्टेशनात उतरवला, हे त्या क्रमांकावरून कळत नाही.

आम्हाला आज बोलायचे आहे ते याच तिकिटाबद्दल. विषय ऐकायला रूक्ष आहे. जे यंत्र आपण दिवसाचे आठ तास चालवतो, त्यातले काय बिघडले आहे आणि काय सुधारले पाहिजे, हे सांगण्याचा आपल्याला हक्क आहे का, आणि सांगितले तर ते कोणी ऐकते का, एवढाच तो विषय.

आधी घरचे उदाहरण. आमच्या ओळखीच्या एका उपडाकघरात काउंटरवरच्या सहकाऱ्याने संध्याकाळी पैसे भरून घेतले आणि बटण दाबले. स्क्रीन गोठली. समोर रांग, गिऱ्हाईक घाईत. त्याने पुन्हा बटण दाबले. पावती एकच निघाली, पण नोंदी दोन झाल्या. हिशेब लावताना बाराशे रुपये कमी. शिरस्त्याप्रमाणे त्याने ते खिशातून भरले आणि हेल्पडेस्ककडे तक्रार केली. तिसऱ्या दिवशी उत्तर आले : तपासणीत दोष आढळला नाही, तिकीट बंद करण्यात येत आहे. पुढे कित्येक महिन्यांनी संघटनेच्या बैठकीत चहा पिताना त्याने हा किस्सा सांगितला, तेव्हा त्याच विभागातले आणखी पाच जण म्हणाले, अहो, हे आमच्याकडेही झाले! सहा जण, सहा तिकिटे, सहाही बंद. प्रत्येकाला वाटत होते की चूक आपल्याच हातून झाली.

बाराशे रुपये ही मोठी रक्कम नव्हे, असे कोणी म्हणेल. त्याला आम्ही ब्रिटनमधल्या आपल्या भाईबंदांची हकीकत सांगू इच्छितो.

तिथल्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून हिशेबासाठी 'होरायझन' नावाची संगणक व्यवस्था बसवायला सुरुवात केली. ती फुजित्सू या जपानी कंपनीच्या मालकीच्या आयसीएलने तयार केली होती. गावोगावचे सबपोस्टमास्तर रोजचा हिशेब त्यात भरू लागले, आणि काहींच्या हिशेबात तूट दिसू लागली. करारानुसार तूट त्यांनीच भरायची. कोणी बचत मोडली, कोणी घर गहाण टाकले. मदतीच्या फोनवर तक्रार केली की त्यांतल्या अनेकांना सांगण्यात येई की असा त्रास दुसऱ्या कोणालाच होत नाही, तुमच्या एकट्याकडेच होतो आहे. हे वाक्य नीट ऐका. एकाच वेळी अनेकांना सांगितले गेलेले हे वाक्य होते.

पुढे चोरीचे आणि खोट्या हिशेबाचे खटले सुरू झाले. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जणांना शिक्षा झाल्या. संगणक बरोबर चालतो हे तिथले न्यायालय गृहीत धरत होते. तो चुकला हे सिद्ध करण्याचे ओझे व्यवहारात आरोपीवरच येई, आणि आरोपीला यंत्राच्या पोटात डोकावण्याची सोय नव्हती. सीमा मिश्रा या भारतीय वंशाच्या पोस्टमास्तर बाईंना २०१० साली तुरुंगात पाठवले, तेव्हा त्या गरोदर होत्या. त्यांची शिक्षा रद्द झाली ती २०२१ साली.

मग हे उलगडले कसे? ॲलन बेट्स नावाच्या एका बडतर्फ सबपोस्टमास्तराने आपल्यासारख्यांना शोधून २००९ साली एकत्र आणले. त्याच वर्षी 'कॉम्प्युटर वीकली' या संगणकविषयक नियतकालिकाने सात जणांच्या हकीकती छापल्या, आणि प्रत्येकाला पहिल्यांदा कळले की आपण एकटे नाही. पुढे ५५५ जणांनी मिळून दावा केला. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की या व्यवस्थेत दोष होते आणि त्यामुळे हिशेबात तूट दिसू शकत होती. त्या खटल्यात आणखी एक गोष्ट बाहेर आली. फुजित्सूकडे ज्ञात दोषांची एक नोंद होती. सबपोस्टमास्तरांना मात्र ती दाखवली जात नव्हती. २०२४ साली संसदेने खास कायदा करून शेकडो शिक्षा एका फटक्यात रद्द केल्या. तोवर काही माणसे जग सोडून गेली होती. २०२५ च्या जुलैमध्ये आलेल्या चौकशी अहवालाने म्हटले आहे की या प्रकरणापायी किमान १३ जणांनी आत्महत्या केल्या असाव्यात.

एक गोष्ट सांगताना आम्हाला शरम वाटते, पण ती लपवून चालणार नाही. तिथल्या सबपोस्टमास्तरांची जी मुख्य संघटना होती, ती या माणसांच्या मागे उभी राहिली नाही. यंत्र चांगले आहे, असेच ती म्हणत राहिली. तिला पैसा पोस्ट ऑफिसकडून मिळत होता, आणि ती स्वतंत्र नाही असे न्यायमूर्तींनीही नोंदवले. या सभागृहात बसलेल्या प्रत्येक शाखा सचिवाने हे लक्षात ठेवावे. सभासद 'मशीन चुकले' असे सांगत आला, की 'तूच काहीतरी केले असशील' हे आपल्याही तोंडून सहज निघून जाते.

आता प्रश्न असा, की संगणकाचे कार्यक्रम लिहिणारी मंडळी स्वतःमध्ये तक्रारी कशा हाताळतात? आम्ही मुद्दाम चौकशी केली, आणि खरे सांगायचे तर हेवा वाटला.

१९९८ साली मोझिला या ब्राउझरच्या मंडळींनी दोषांची आपली नोंदवही सगळ्या जगाला खुली केली. तिचे नाव 'बगझिला'. कोणीही त्यात दोष नोंदवावा, कोणीही वाचावा. तिकीट तिथेही बंद होते, पण कारण लिहावे लागते : दुरुस्त केले, हा दोषच नाही, हे दुरुस्त करणार नाही. आणि एक कारण तर आपल्याला फार ओळखीचे वाटेल : 'माझ्याकडे तर चालते'! साहेब लोक सगळीकडे सारखेच. पण त्या वहीत असे उत्तर सर्वांच्या डोळ्यांदेखत लिहावे लागते, आणि खाली दुसरा कोणी येऊन 'माझ्याकडे चालत नाही, हा घ्या पुरावा' असे लिहू शकतो. तोच दोष दुसऱ्याने नोंदवला तर त्याची तक्रार पहिलीला जोडली जाते. सहा तक्रारी एकमेकींना ओळखतात. आमच्या त्या सहकाऱ्याला हेच मिळाले नाही.

कार्यक्रम लिहिणाऱ्यांची एक मोठी प्रश्नोत्तरांची जागा आहे, 'स्टॅक ओव्हरफ्लो'. २००८ साली सुरू झाली. या शहरातले हजारो तरुण रोज तिच्यावर अवलंबून असतात. त्या जागेतल्या सोयी-गैरसोयींबद्दल बोलायला तिथेच वेगळा कट्टा आहे. कोणती सुविधा हवी, कोणती काढून टाकावी, यावर वापरणारे वाद घालतात आणि मते देतात. आणि मालक कंपनी ऐकेनाशी झाली तेव्हा काय झाले? यंत्राने लिहिलेली उत्तरे काढून टाकण्यावर कंपनीने निर्बंध आणले, तेव्हा जून २०२३ मध्ये तिथली देखरेख करणाऱ्या शेकडो स्वयंसेवकांनी संप केला. बंधूंनो, एक पैसा पगार नसलेल्या माणसांनी केलेला संप! आम्ही इतकी वर्षे चळवळीत आहोत, असा प्रकार प्रथमच पाहिला. कंपनीला वाटाघाटीला बसावे लागले आणि ऑगस्टमध्ये समझोता झाला.

पण परदेशाचेच कौतुक कशाला? रेल्वेवाल्यांनो, ही पद्धत तुमच्या घरात जुनी आहे. सिग्नल बिघडला की स्टेशन मास्तर काय करतो? फेल्युअर रजिस्टरमध्ये वेळ घालून नोंद करतो, सिग्नल मेंटेनरला मेमो देतो, आणि दुरुस्ती झाल्यावर मेंटेनर वेळ घालून सही करतो. 'दोष आढळला नाही' असे म्हणून कोणी गाडी सोडत नाही. लोको पायलट इंजिनातला बिघाड लॉग बुकमध्ये लिहितो आणि शेडला त्यावर काय केले ते लिहावे लागते. लोखंडी यंत्राबाबत आपण हा शिस्तीचा नियम पाळला, कारण त्यात माणसांचे जीव होते. संगणकाच्या यंत्राला मात्र यातून माफी का?

टपालात तर आणखी गंमत आहे. आपल्याकडे 'एरर बुक' आहे. कर्मचाऱ्याची चूक त्यात लिहायची, तिचा उतारा वर पाठवायचा, खुलासा मागवायचा. माणसाच्या चुकांची वही झाली. यंत्राच्या चुकांची वही मात्र काउंटरवर नाही.

यावर कोणी म्हणेल, हे सगळे त्या कंपन्यांतल्या पोरांचे पाप. आम्हाला ते मान्य नाही. २०१२-१३ च्या सुमारास टपाल खात्याच्या बँकिंगचे काम याच शहरातल्या इन्फोसिसकडे आणि टपालाच्या मुख्य व्यवस्थेचे काम टीसीएसकडे गेले. तेव्हापासून काउंटरवरचा माणूस आणि कार्यक्रम लिहिणारा यांच्यामध्ये करार आला, हेल्पडेस्क आला, अधिकाऱ्यांची रांग आली. लिहिणाऱ्या मुलाने रांगेतला म्हातारा पेन्शनर कधी पाहिलेला नसतो. तोही कामगारच आहे. २०१७ साली इथल्या आयटी कर्मचाऱ्यांनी आपली युनियन स्थापन केली, आणि २०२४ च्या जुलैमध्ये कर्नाटकात त्यांच्या कामाचा दिवस १४ तासांपर्यंत लांबवण्याचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा ती रस्त्यावर उतरली होती. चौदा तास काम केलेल्या डोळ्यांतून आपली बाराशे रुपयांची तूट सुटली, तर नवल कसले?

जिथे हे अंतर कमी होते तिथे काय होते, तेही पाहिले पाहिजे. रेल्वेने १९८६ साली 'क्रिस' ही संस्था काढली, तिच्यात संगणकाच्या जाणकारांबरोबर रेल्वेतलीच माणसे बसवली. आरक्षणाचे काम संगणकावर आले तेव्हा आपण सर्वांनी नोकऱ्यांच्या भीतीने विरोधाची भाषा केली होती. ती भीती अनाठायी होती असे आम्ही आजही म्हणणार नाही. पण खिडकीवरच्या कामाची जाण त्या व्यवस्थेत होती, हे कबूल केले पाहिजे. टपालात 'मेघदूत' हा कार्यक्रम म्हैसूरच्या आपल्याच प्रशिक्षण केंद्रात तयार झाला होता. जुन्या लोकांना आठवत असेल, दोष काय आहे हे त्या मंडळींना दोन वाक्यांत समजत असे, कारण बोलणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची भाषा एक होती.

आणि आता पुन्हा तशी संधी आली आहे. टपालाची नवी व्यवस्था, जिला एपीटी म्हणतात, ती खात्याच्याच म्हैसूरच्या केंद्राने तयार केली. २०२५ च्या मे-जूनमध्ये तिची चाचणी इथेच, कर्नाटक सर्कलमध्ये झाली आणि ४ ऑगस्ट २०२५ पर्यंत ती देशभर लागू झाली. दीड लाखाहून अधिक डाकघरे एका व्यवस्थेवर आली. इतक्या मोठ्या कामात पहिल्या दिवसांत अडथळे येणारच, त्याबद्दल आम्ही कोणाला दोष देत नाही. आमची मागणी एकच आहे : दोषांची नोंद सर्व कर्मचाऱ्यांना दिसू द्या. किती तक्रारी आल्या, कोणत्या, कशावर काय केले, हे काउंटरवरच्या माणसाला वाचता आले पाहिजे. आणि नोंदवलेल्या दोषाचा निकाल लागेपर्यंत तूट कर्मचाऱ्याच्या खिशातून वसूल करू नका.

पण मागणी करताना आपलीही बाजू साफ हवी. आपण तक्रार कशी लिहितो? 'मशीन व्यवस्थित चालत नाही, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती.' अशा अर्जावर देवसुद्धा कार्यवाही करू शकणार नाही. कार्यक्रम लिहिणाऱ्यांची रीत साधी आहे : मी काय केले, काय व्हायला हवे होते, प्रत्यक्ष काय झाले. त्यापुढे तारीख, वेळ, कोणता स्क्रीन, आणि पुन्हा तसेच केल्यास पुन्हा तसेच होते का. शेवटचे फार महत्त्वाचे. गिऱ्हाइकाचे नाव आणि खाते क्रमांक मात्र त्यात येऊ देऊ नका. आणि बिघाड वेगळा, सुधारणेची सूचना वेगळी. अक्षरे बारीक आहेत, पन्नाशीच्या माणसाला दिसत नाहीत. जे काम कळफलकावर दोन बोटांत व्हायचे त्याला आता माऊस धरावा लागतो आणि रांग वाढते. या सूचना आहेत. त्या तितक्याच मोलाच्या आहेत, पण बिघाडात मिसळल्या की दोन्ही वाया जातात.

आमच्या शाखेने एक साधी लांब वही घेतली आहे. रेल्वेसाठी पुढून, टपालासाठी मागून. त्या सहा जणांच्या बाराशे-पंधराशेच्या नोंदी तिच्यात पहिल्या पानावर एकाखाली एक लिहिल्या आहेत. ती वही आम्ही आज इथे आणली आहे, दाराजवळच्या टेबलावर चहाच्या किटलीशेजारी ठेवली आहे. दुपारच्या सत्रानंतर ती म्हैसूरला पाठवायच्या निवेदनाला जोडायची आहे, तेव्हा ज्यांच्याकडे असे काही घडले असेल त्यांनी जेवणाच्या सुटीत लिहून जावे. पेन दोऱ्याने बांधलेले आहे, कृपया खिशात घालू नये.