मालेगावचा भुईकोट किल्ला



आपल्या तालुक्यातले साल्हेर-मुल्हेर सर्वांना ठाऊक आहेत. आज मात्र मी डोंगरावर न नेता तुम्हाला शेजारच्या मालेगावला नेणार आहे. जी मोसम नदी बागलाणच्या डोंगरात उगम पावते, तिच्याच काठी पुढे मालेगावचा भुईकोट उभा आहे. तेव्हा तो किल्ला आपल्यालाही परका नाही.

गुजरात, खानदेश आणि दख्खन यांच्या सीमेवरचा हा मुलूख. सुरतेहून बऱ्हाणपूर-दौलताबादकडे जाणारा जुना मार्ग बागलाणातून जाई. ज्याला हा मार्ग ताब्यात हवा, त्याला इथे ठाणे हवेच. पेशव्यांचे सरदार नारोशंकर राजेबहादूर यांनी 1740 च्या सुमारास हा किल्ला बांधायला घेतला. हेच नारोशंकर पुढे झाशीचे सुभेदार झाले, 1760 मध्ये दिल्लीचा बंदोबस्तही त्यांच्याकडे होता. नाशिकला गोदाकाठी त्यांच्या नावाचे मंदिर व घंटा आपण पाहतोच. बांधकामासाठी सुरतेकडून आणि उत्तरेकडून कारागीर आले व त्यांतले काही इथेच राहिले, असे सांगतात. घडीव दगडाचा उंच आतला कोट, गोल बुरूज, बाहेर दुसरी तटबंदी आणि खोल खंदक असे हे काम. बांधवणाऱ्याचे नाव आपण घेतो. दगड फोडणाऱ्यांचे, वाहणाऱ्यांचे, खंदक खणणाऱ्यांचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. पण मित्रहो, तटाशी उभे राहून एक चिरा नीट पाहा, त्यावर त्यांच्या हाताचे काम अजून दिसते.

आता 1818 साल. हे साल आपल्याला कोरेगावमुळे माहीत आहे. 1 जानेवारीला कोरेगावला पेशव्यांच्या बाजूने जे लढले, त्यांत अरब शिपाई होते. मालेगावचा किल्लाही अरब शिबंदीनेच धरून ठेवला होता. मे महिन्याच्या मध्यास कर्नल मॅकडॉवेलच्या फौजेने वेढा घातला. 18 मे रोजी अरबांनी बाहेर पडून हल्ला केला, त्यात इंग्रजांचा मुख्य इंजिनियर लेफ्टनंट डेव्हिस ठार झाला. 29 मेचा इंग्रजांचा हल्ला फसला. 3 जूनला बाजीराव स्वतः माल्कमच्या स्वाधीन झाला. धनी गेला, तरी किल्ला लढतच होता! शेवटी 11 जूनला तोफगोळ्याने दारूकोठार उडाले, आतल्या तटाचा मोठा भाग खंदकात कोसळला आणि 13 जूनला तहाचे ठरले. इंग्रजांची जखमी धरून दोनशेहून अधिक माणसे या वेढ्यात खर्ची पडली.

पुढची गोष्ट माझ्यासारख्या कारकुनी करणाऱ्याला फार आवडते. अरबांनी लेखी अभयपत्र मागितले. ते मराठीत लिहिले गेले. इंग्रजांना द्यायचे होते फक्त जीवदान. पण कागदावर शब्द असे उतरले की शिबंदीचे जे हित असेल ते सरकार करील. वाद एल्फिन्स्टनपर्यंत गेला आणि त्याने अर्थ अरबांच्या बाजूने लावला. तोफांनी जे मिळाले नसते ते एका मराठी वाक्याने मिळाले. बँकेत आम्ही रोज पाहतो, तोंडचा शब्द विरतो, सहीचा कागद राहतो. विद्यार्थ्यांनी कागद वाचल्याशिवाय सही करू नये, हे मी जाता जाता सांगून टाकतो!

पुढे मालेगाव वाढले. 1857 नंतर उत्तरेकडून विणकर आले, माग आले. 1869 मध्ये नाशिक जिल्हा झाला, तेव्हा खानदेशातून मालेगाव आणि आपले बागलाण दोन्ही नाशकात आले. किल्ल्याच्या आत काकाणी विद्यालय सुरू झाले. ज्या दरवाजात एके काळी पहारेकरी माणूस पारखून आत सोडीत, त्यातून कोणाचीही मुले पाटी-दप्तर घेऊन जाऊ लागली. मला विचाराल तर या किल्ल्याच्या इतिहासातले हे सर्वात मोठे पान आहे. दुःख एवढेच की खंदकात अतिक्रमणे झाली, तटावर झाडे उगवली. झाडाचे मूळ सांध्यात शिरले की चिरा सुटतो. तोफेपेक्षा हे काम हळू चालते, पण थांबत नाही.

सटाण्याहून मालेगाव एसटीने तास-दीड तासाचे. सुटीच्या दिवशी चार-पाच जणांनी मिळून जावे, सोबत वही घ्यावी. शाळेत आधी विचारूनच आत जावे. दरवाजा पाहून लगेच परतू नका. मोसमच्या बाजूलाही एक फेरी मारा, बुरुजांची खरी उंची तिकडूनच कळते.