अरण्यांचे हवाई दप्तर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ‘राष्ट्रीय वन’ ही संज्ञा ‘राष्ट्रीय उद्यान’ या परिचित संज्ञेहून वेगळ्या अर्थाने वापरली जाते, आणि पुढील विवेचनासाठी हा भेद आरंभीच ध्यानात घ्यावयास हवा. राष्ट्रीय उद्याने तेथील अंतर्गत व्यवहार विभागाच्या अखत्यारीत येतात आणि निसर्ग आहे तसा राखणे हा त्यांचा मुख्य हेतू असतो. राष्ट्रीय वने मात्र कृषी विभागाच्या वनसेवेकडे सोपवलेली असून इमारती लाकूड, गुरांची चराई, नद्यांच्या उगमक्षेत्रांचे रक्षण आणि लोकांचा वनविहार अशी अनेक प्रयोजने त्यांतून एकाच वेळी साधावी लागतात. १८९१ च्या कायद्याने सार्वजनिक जमिनीवरील वने राखीव करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना मिळाला, १९०५ मध्ये गिफर्ड पिंचॉट यांच्या नेतृत्वाखाली वनसेवा स्थापन झाली, आणि आज १५४ राष्ट्रीय वने व त्यांच्या जोडीची गवताळ राने मिळून सुमारे १९ कोटी ३० लाख एकर, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपट भूमी, या सेवेच्या ताब्यात आहे. एवढ्या भूमीची मोजदाद पायी फिरून पुरी होणे शक्य नव्हते, आणि याच अडचणीतून त्या वनांच्या हवाई छायाचित्रांचा प्रचंड संग्रह उभा राहिला.

१९१९ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातील वनांवर सैन्याच्या विमानांनी वणव्यांच्या पहाऱ्यासाठी फेऱ्या घातल्या, तेव्हा विमान हे वनरक्षणाचे साधन होऊ शकते हे दिसून आले. परंतु पद्धतशीर छायाचित्रणाला खरा वेग आला तो १९३० च्या दशकात. आर्थिक मंदीचा आणि धुळीच्या वादळांचा तो काळ होता. पिकाखालील क्षेत्र मोजण्यासाठी, मातीची धूप अजमावण्यासाठी आणि वनांतील लाकडाचा साठा ठरवण्यासाठी कृषी विभागाच्या निरनिराळ्या शाखांनी देशाचा मोठा भाग विमानातून टिपून घेण्यास सुरुवात केली. ज्यांनी हे काम सोपवले आणि ज्यांनी ते केले, त्यांच्या डोळ्यांपुढे त्या वर्षाची गरज होती. आपण पुढील शतकासाठी पुरावा गोळा करीत आहोत, असा हेतू त्या कामामागे नव्हता.

हवाई छायाचित्र म्हणजे उंचावरून सहज टिपलेले दृश्य नव्हे, ते मोजमापाचे साधन असते, आणि त्यामुळे ते काढण्याची रीतही काटेकोर असते. विमानाच्या तळाशी बसवलेला कॅमेरा सरळ खाली रोखलेला असतो आणि विमान शेतात नांगर चालावा तसे एकमेकांना समांतर अशा तासांनी, म्हणजे ओळींनी, उडत जाते. भिंगाचे नाभीय अंतर आणि जमिनीपासूनची उंची यांच्या गुणोत्तराला चित्राचे प्रमाण म्हणतात. सव्वाआठ इंच नाभीय अंतराचे भिंग घेऊन १३,७५० फूट उंचीवरून चित्र काढले, तर १ : २०,००० असे प्रमाण मिळते, म्हणजे चित्रातील एक सेंटिमीटर जमिनीवरील २०० मीटरांइतका ठरतो. नऊ इंच लांबी-रुंदीच्या चौरस निगेटिव्हवर या प्रमाणाने साडेचार किलोमीटर लांब आणि तितकाच रुंद प्रदेश मावतो. एकाच तासातील लागोपाठची दोन चित्रे सुमारे ६० टक्के भाग समान दाखवतील आणि शेजारच्या तासातील चित्र सुमारे ३० टक्के भाग पुन्हा टिपील, अशी योजना केलेली असते. हा दुहेरीपणा हेतुपूर्वक ठेवलेला असतो, कारण एकच जागा दोन निराळ्या बिंदूंवरून पाहिली की तिची उंची-खोली कळते. स्टिरिओस्कोप नावाच्या दोन भिंगांच्या उपकरणाखाली अशी जोडी ठेवली, की उजवा डोळा एक चित्र आणि डावा डोळा दुसरे चित्र पाहतो, मेंदू त्या दोहोंचा मेळ घालतो, आणि सपाट कागदावरून डोंगर, घळी व झाडांचे शेंडे वर उठल्यासारखे दिसू लागतात.

अशा चित्राचे वाचन हे वनशास्त्रातील एक स्वतंत्र कौशल्य आहे. सूचिपर्णी झाडे, म्हणजे पाइन, फर, स्प्रूस यांसारखी सुईसारख्या पानांची झाडे, वरून टोकदार व चांदणीसारखी दिसतात, तर रुंद पानांच्या झाडांचे माथे फुगीर आणि गोलसर दिसतात. अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या तांबड्यापलीकडच्या प्रकाशाला प्रतिसाद देणारी फिल्म वापरली असेल, तर रुंद पाने फिकट आणि सूचिपर्णी काळसर उमटत असल्याने हा भेद अधिकच स्पष्ट होतो. सावलीची लांबी आणि सूर्याची त्या वेळची उंची यांवरून झाडाची उंची काढता येते, आणि सारख्या अंतरावर ठिपके छापलेली पारदर्शक पट्टी चित्रावर ठेवून ठिपके मोजले, की एखाद्या वनखंडाचे क्षेत्रफळ निघते. सर्वेक्षणाला निघालेला वनाधिकारी हीच छापील चित्रे बरोबर नेत असे. मोजणीच्या जागी पोहोचल्यावर तो चित्रातील त्याच बिंदूवर सुईने बारीक छिद्र पाडी आणि चित्र उलटून, छिद्राभोवती लहानसे वर्तुळ काढून, त्याशेजारी त्या जागेची खूण लिहून ठेवी. पुढची बाजू आकाशातून आणि मागची बाजू जमिनीवरून लिहिली गेलेली अशी ही चित्रे म्हणजे त्या वनाची दुहेरी नोंदच होय.

पुण्याच्या पेशवे दप्तरातील असंख्य कागद कारकुनांनी जमाखर्चासाठी आणि महसुलासाठी लिहिले, आणि त्याच कागदांतून पुढच्या संशोधकांनी धान्याचे भाव, गावांची स्थिती आणि लोकजीवन वाचले. या हवाई दप्तराचेही तसेच झाले. ज्याला लाकडाचा साठा मोजायचा होता, त्याच्या कॅमेऱ्याने ओढ्याचे वळण, कुरणाची कड, गुरांची वाट आणि जुन्या आगीचा डाग हे सारे न विचारताच टिपले. मनुष्याने लिहिलेल्या अहवालात त्याला महत्त्वाचे वाटले तेवढेच उतरते. भिंगाला मात्र अशी निवड करता येत नाही. पुढच्या पिढ्यांचे प्रश्न आधी ओळखता येत नसतानाही त्यांची उत्तरे या चित्रांत सापडतात, त्याचे कारण भिंगाच्या या निरपवाद नोंदीत आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण वणव्यांच्या अभ्यासात मिळते. ऑगस्ट १९१० मध्ये आयडाहो आणि मोंटाना या राज्यांत सुमारे ३० लाख एकर वन आगीत भस्मसात झाले आणि त्या आघाताने वनसेवेच्या मनात आगीविषयी कायमचे वैर निर्माण झाले. १९३५ मध्ये तर कोणतीही आग कळल्यापासून दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आणली पाहिजे, असा दंडक घालण्यात आला आणि तो १९७० च्या दशकापर्यंत चालला. पश्चिमेकडील कोरड्या पाइनवनांत मात्र वारंवार लागणारी, जमिनीलगत सरकत जाणारी सौम्य आग ही वनाच्या प्रकृतीचाच भाग होती. जाड सालीची मोठी झाडे तिच्यातून तरून जात आणि पालापाचोळा व कोवळे झाडोरे जळून जात. वनसंशोधक पॉल हेसबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलंबिया नदीच्या खोऱ्यातील वनांची जुनी हवाई चित्रे आणि विसाव्या शतकाच्या अखेरची चित्रे खंडशः पडताळून पाहिली, तेव्हा विरळ वने, दाट वने, कुरणे आणि जळीत भूमी यांचा पूर्वीचा ठिगळ-ठिगळांचा पट पुष्कळ ठिकाणी मोडल्याचे, सावलीत वाढणाऱ्या झाडांची दाटी झाल्याचे आणि मोठी जुनी झाडे तोडीमुळे घटल्याचे दिसून आले. ठिगळांचा पट असताना आगीला जागोजागी अडसर मिळे, पट एकसारखा झाला की आग सलग धावते. आजच्या महाभयंकर वणव्यांचे एक कारण अशा रीतीने मोठ्या प्रदेशावर मोजून दाखवता आले, आणि त्या मोजणीचा पाया कपाटांत जपलेली जुनी चित्रे हाच होता.

मात्र १९३० च्या दशकातील चित्र हे अस्पर्श अरण्याचे चित्र आहे, असे मानणे ही गंभीर चूक ठरेल. ते चित्र निघण्यापूर्वी अनेक दशके तेथे गुरामेंढरांची बेसुमार चराई झाली होती, रेल्वे आणि खाणींसाठी तोड झाली होती, आणि ज्या मूलनिवासी जमाती विचारपूर्वक आग लावून रान मोकळे राखीत असत, त्यांना त्यांच्या भूमीवरून हुसकावण्यात आले होते. शिवाय दाट वृक्षछत्राखाली काय आहे हे वरून दिसत नाही, आणि एका दुपारी टिपलेले चित्र वर्षभराचे वन दाखवीत नाही. जुने चित्र हा साक्षीदार आहे, आदर्श नव्हे. त्याची साक्ष झाडांच्या खोडांतील वार्षिक वलये, जमिनीवरील मोजण्या आणि मूलनिवासींच्या परंपरागत स्मृती यांच्याशी ताडूनच घ्यावी लागते.

क्वचित असेही घडते, की चित्रातील वन एका सकाळीत नाहीसे होते आणि चित्र तेवढे उरते. वॉशिंग्टन राज्यातील गिफर्ड पिंचॉट राष्ट्रीय वनात उभ्या असलेल्या माउंट सेंट हेलेन्स या ज्वालामुखीचा १८ मे १९८० रोजी स्फोट झाला, शिखराची उंची ९,६७७ फुटांवरून ८,३६३ फुटांवर आली, ५७ माणसे मृत्युमुखी पडली आणि कडेने फुटलेल्या तप्त झोताने सुमारे ६०० चौरस किलोमीटर प्रदेश उद्ध्वस्त केला. स्फोटापूर्वीची हवाई चित्रे आणि नंतरची हवाई चित्रे शेजारी ठेवली, की जेथे काळेभोर फरवन होते, तेथे लाखो खोडे फणीने विंचरल्यासारखी एका दिशेने आडवी पडलेली दिसतात. टेकडी आली की त्या रेषा वळतात आणि त्या वळणांवरून झोत कोठून कसा गेला हे वाचता येते. १९८२ मध्ये या प्रदेशाचा मोठा भाग राष्ट्रीय ज्वालामुखी स्मारक म्हणून राखून ठेवण्यात आला. तेथे परतणाऱ्या वनस्पतींचा अभ्यास करताना पूर्वी तेथे काय होते हे सांगणारी जुनी चित्रे आजही उपयोगी पडतात.

या संग्रहाचे जतन ही त्याच्या निर्मितीइतकीच कष्टाची गोष्ट आहे. १९३० च्या दशकातील हवाई चित्रे सेल्युलोज नायट्रेटच्या फिल्मवर असत. हे द्रव्य कालांतराने विघटित होते आणि अतिशय ज्वालाग्राही असते. डिसेंबर १९७८ मध्ये मेरीलँड राज्यातील सूटलंड येथे राष्ट्रीय अभिलेखागाराच्या नायट्रेट कोठारात आग लागून वृत्तचित्रपटांचा फार मोठा संग्रह नष्ट झाला, यावरून त्या धोक्याची कल्पना येते. म्हणून त्या काळातील हवाई निगेटिव्हच्या प्रती सुरक्षित फिल्मवर काढून मूळ नायट्रेट प्रती बहुतांशी काढून टाकण्यात आल्या. नंतरची ॲसिटेट फिल्मही निर्धोक नव्हती, कारण ती हळूहळू आंबते, तिला शिरक्याचा वास येऊ लागतो आणि ती आक्रसून सुरकुतते. मोजमापासाठी काढलेले चित्र आक्रसले, की त्याचे प्रमाणच बिघडते. यावर थंड व कोरडी साठवण हाच उपाय असल्याने राष्ट्रीय अभिलेखागाराच्या हवाई फिल्म कॅन्सस राज्यात थंड कोठारात ठेवल्या जातात. सॉल्ट लेक सिटी येथील कृषी विभागाच्या हवाई छायाचित्र कार्यालयात १९५५ पासूनच्या सुमारे एक कोटी प्रतिमा साठल्या होत्या, यावरून या कामाचा पसारा ध्यानात यावा.

या विद्येचा भारतीय उपखंडाशीही जुना संबंध आहे. १९२४ मध्ये, ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग असताना, इरावतीच्या त्रिभुज प्रदेशातील वनांचे विमानातून छायाचित्रण झाले; वनांसाठी विमान वापरण्याच्या जगातील आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते. स्वातंत्र्योत्तर काळात १९६६ मध्ये देहरादून येथे हवाई चित्रांच्या वाचनाचे शिक्षण देणारी संस्था निघाली आणि तीच पुढे भारतीय सुदूर संवेदन संस्था म्हणून विकसित झाली. उपग्रहांच्या सलग नोंदी १९७० च्या दशकापासूनच मिळतात; त्याआधीचे वन जसे होते तसे पाहायचे, तर भारतातही जुन्या हवाई चित्रांशिवाय फारसा आधार नाही.

आज निगेटिव्हचे अंकीय रूपांतर करून, डोंगर-दऱ्यांमुळे चित्रात आलेली ओढाताण गणिताने दुरुस्त करून, जुने चित्र नव्या नकाशावर तंतोतंत बसवता येते आणि त्यामुळे हा संग्रह पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक लोकांच्या हाती येऊ शकतो. तरीही नुसती प्रतिमा पुरेशी नाही. निगेटिव्हच्या कडेवरील दिनांक, गुंडाळीचा क्रमांक, चित्राचा क्रमांक आणि कोणते चित्र कोठले हे दाखवणारी सूचिपत्रे हरवली, तर नितळ चित्रही मुके होते; आणि छापील प्रतीची केवळ पुढची बाजू प्रतिरूपित करून ती प्रत रद्दीत टाकली, तर पन्नास-साठ वर्षांपूर्वी कोणा वनाधिकाऱ्याने सुईच्या छिद्राशेजारी मागे लिहिलेली ओळ कायमची जाते. त्या ओळीतूनच पुढच्या अभ्यासकाला कळते, की चित्रातील तो काळा ठिपका म्हणजे नेमके कोणते झाड होते. म्हणून ही चित्रे जतन करणाऱ्याने प्रत्येक चित्र एकदा उलटून पाहिले पाहिजे.